नाव ठेवणं आणि नावं ठेवणं

'पेप ५७२' हा मजकूर मी गेल्या काही वर्षांत चार-पाच वेळा तरी वाचला असेल. त्यातला एकदा कामासाठी, बाकी आवडीनं. हे सांगताना जरा संकोच वाटतो, कारण हा मजकूर कथा-कविता काहीच नाही. पायथन या प्रोग्रामिंग भाषेत एक छोटंसं चिन्ह घालावं, एवढाच तो प्रस्ताव. पायथनमध्ये काही मोठं बदलायचं झालं की आधी असा लेखी प्रस्ताव मांडावा लागतो. त्याला 'पायथन एन्हान्समेंट प्रपोजल', थोडक्यात पेप म्हणतात. ५७२ क्रमांकाच्या पेपवर तीन नावं आहेत: ख्रिस अँजेलिको, टिम पीटर्स आणि पायथनचा निर्माता ग्विडो व्हॅन रॉसम. फेब्रुवारी २०१८मध्ये तो मांडला गेला, जुलैमध्ये मंजूर झाला, आणि मंजुरीपाठोपाठ १२ जुलैला ग्विडोनं मेल टाकला की बास, आता निर्णय घेण्याच्या कामातून मी बाहेर.

एका चिन्हावरून. ते चिन्ह असं दिसतं: :=

मान डावीकडे कलवून पाहिलंत तर दोन डोळे आणि खाली दोन सुळे दिसतात, म्हणून त्याला सगळे 'वॉलरस' म्हणतात. ग्विडोच्या राजीनाम्याचा किस्सा आमच्या क्षेत्रात चहाच्या टपरीवर सांगितला जातो. पण ज्या मजकुरावरून हे सगळं झालं तो नीट वाचलेला माणूस मला क्वचितच भेटला. तो वाचण्यासारखा आहे, असं माझं म्हणणं आहे. त्यातला बराचसा भाग मला पटतो, एक भाग अजिबात पटत नाही.

आधी भांडण नेमकं कशावरून ते. (प्रोग्रामिंग येत असेल तर हा भाग सोडलात तरी चालेल.)

प्रोग्राममध्ये ढोबळमानानं दोन प्रकारची वाक्यं असतात. एकातून काहीतरी किंमत निघते: 'पाच अधिक तीन', 'या यादीत नावं किती'. हे एक्स्प्रेशन. दुसरं नुसतं काम सांगतं: 'दार लाव', 'ही ओळ छाप'. हे स्टेटमेंट. पाच अधिक तीनमधून निघालेले आठ घेऊन पुढं आणखी गणित करता येतं. 'दार लाव' अधिक दोन याला काही अर्थ नाही. आता एखाद्या किमतीला नाव ठेवणं, म्हणजे असाइनमेंट, हे यातलं कुठलं? (इंजिनियरिंग कॉलेजात असाइनमेंट म्हणजे सबमिशनच्या आदल्या रात्री मित्राच्या फाइलीतून उतरवायची वस्तू. ती वेगळी.) 'वय = २८' असं लिहिलं की २८ला 'वय' हे नाव मिळालं. इथं काम संपलं? की या नाव ठेवण्यातूनही २८ ही किंमत बाहेर पडते आणि ती त्याच ओळीत पुढं वापरता येते?

सी, जावा, जावास्क्रिप्ट, पर्ल, रुबी म्हणतात, येते. पास्कल, गो, कोटलिन आणि २०१९पर्यंतचा पायथन म्हणतात, नाही. बारसं हा स्वतंत्र कार्यक्रम आहे, तो उरकल्यावर पुढचं बोला.

माणसांच्या भाषेत मात्र दोन्ही चालतं. पाठ्यपुस्तकात असतं: 'समजा, क = क्षचा वर्ग.' पूर्णविराम. मग पुढचं वाक्य. तेच गणिताचे सर फळ्यापुढं उभे राहून म्हणतात, 'क्षचा वर्ग, ज्याला आपण क म्हणू, तो जर शंभरपेक्षा मोठा आला...' वाक्य चालू असताना मध्येच नाव ठेवलं आणि वाक्य न थांबता पुढं गेलं. पुस्तकातलं स्टेटमेंट, सरांचं असाइनमेंट एक्स्प्रेशन. सर बोलताना कुणाला काही खटकत नाही. मग प्रोग्रामिंगमध्ये त्यावरून एवढी डोकेफोड का?

त्याला एका चिन्हाचा इतिहास कारण आहे.

रॉबर्ट रेकॉर्ड या वेल्श गणितज्ञानं १५५७ साली दोन समांतर रेघांचं चिन्ह पुस्तकात छापलं. दोन समांतर रेघांपेक्षा जास्त सारखं दुसरं काय असणार, असं त्याचं कारण. आपण शाळेत ते 'बरोबर' असं वाचतो. त्यानंतर बरोबर चारशे वर्षांनी, १९५७ साली, आयबीएमच्या फोरट्राननं तेच चिन्ह नाव ठेवायला घेतलं. त्यामुळे प्रोग्रामिंग शिकताना पहिल्याच आठवड्यात 'क्ष = क्ष + १' समोर येतं. मराठीत मोठ्यानं वाचून पाहा: क्ष बरोबर क्ष अधिक एक. हे काही बरोबर नाही. 'बरोबर' या शब्दाला समान आणि अचूक असे दोन्ही अर्थ असल्यानं मराठी माध्यमातून आलेल्या मुलाला हा धक्का जरा जास्तच बसतो, असं मला अनेक ज्युनिअरांना शिकवताना दिसलं आहे.

अल्गोल भाषेच्या मंडळींनी यावर उपाय म्हणून := हे चिन्ह आणलं. तुलनेला =, नाव ठेवायला :=. पास्कलचे निकलाउस विर्थ यांनी ते उचललं, आणि फोरट्रानच्या निवडीवर ते नंतरही उघडपणे टीका करत राहिले. बीसीपीएल नावाच्या भाषेतही := होतं. पुढं बेल लॅब्जमध्ये केन थॉम्प्सननं बीसीपीएलवरून 'बी' ही भाषा बेतली तेव्हा त्यानं ते बदललं: नाव ठेवायला =, तुलनेला ==. त्यामागचा हिशेब असा, की प्रोग्राममध्ये नाव ठेवण्याची वेळ तुलनेपेक्षा साधारण दुप्पट येते, तर तिचं चिन्ह निम्म्या लांबीचं असावं. काटकसर म्हणून हे मला आवडतंच. बीपासून डेनिस रिचीनं सी घडवली, आणि सीच्या पोटी पुढची निम्मी दुनिया आली. थॉम्प्सननं वाचवलेलं ते एक अक्षर सगळ्यांच्या वाट्याला आलं.

आता अपघात पाहा. तुम्हाला 'क्ष शून्य आहे का' विचारायचं आहे. लिहायचं होतं 'इफ (क्ष == ०)', लिहिलं गेलं 'इफ (क्ष = ०)'. सी तक्रार करत नाही. क्षची किंमत शून्य होते. या असाइनमेंटमधून बाहेर पडणारी किंमतही शून्य. सीमध्ये शून्य म्हणजे 'खोटं'. त्यामुळे कंसापुढचं काम कधीच होत नाही, आणि वर क्ष बिघडतो तो बिघडतोच.

हा अपघात तीन पायांवर उभा आहे. नाव ठेवायचं चिन्ह तुलनेच्या चिन्हासारखं दिसतं, हा पहिला. असाइनमेंटला स्वतःची किंमत असते, हा दुसरा. आणि कुठलाही आकडा खरं-खोटं म्हणून खपतो, हा तिसरा. यातला कुठलाही एक काढला तर तिपाई कोसळते. जावानं तिसरा काढला. अटीच्या कंसात खरं-खोटंच लागतं, आकडा चालत नाही (व्हेरिएबलच बूलियन असेल तर मात्र चूक अजूनही निसटते). स्विफ्ट आणि रस्टनं दुसरा काढला. त्यांच्याकडे असाइनमेंटची किंमत म्हणजे 'काहीच नाही', तिचा अटीत उपयोग शून्य. अल्गोल ६८मध्ये असाइनमेंटला किंमत होती, पण चिन्ह := होतं आणि अटीला बूलियन लागत होतं. पायथनच्या पायी दुसरा पाय सुरुवातीपासूनच नव्हता. ही तिपाई लक्षात ठेवा, पेपकडे वळल्यावर लागेल.

काही लोक सीमध्ये मुद्दाम उलटं लिहितात: 'इफ (० == क्ष)'. एक = राहिला तर शून्याला नाव ठेवता येत नाही म्हणून कम्पाइलर ओरडतो. याला 'योडा कंडिशन' म्हणतात, स्टार वॉर्समधल्या योडाच्या उलटसुलट बोलण्यावरून. युक्ती चांगली आहे, पण ज्याला ही युक्ती आठवते त्याला दुसरा = टाकायचंही आठवतंच. आजचे कम्पाइलर स्वतःच टोकतात. जीसीसीला इशारे चालू ठेवून असा कोड दिला तर ते म्हणतं, खरंच असाइनमेंट करायची असेल तर भोवती आणखी एक कंस घाला. म्हणजे जादा कंस हा 'मी शुद्धीत आहे' असा सहीशिक्का.

आणि या सहीशिक्क्याचाच एकदा वापर करून घेतला गेला.

नोव्हेंबर २००३. लिनक्स कर्नलचा मूळ कोड तेव्हा बिटकीपर नावाच्या व्यवस्थेत ठेवलेला असे, आणि ज्यांना ती नको होती त्यांच्यासाठी सीव्हीएसमध्ये त्याची नक्कल ठेवलेली असे. कुणीतरी त्या नकलेच्या सर्व्हरमध्ये शिरून 'वेट४' या फंक्शनमध्ये दोन ओळी घातल्या. ओळींचा देखावा असा, की वापरकर्त्यानं पर्यायांची एक विशिष्ट विचित्र जोडी दिली आणि तो वापरकर्ता शून्य क्रमांकाचा असेल, तर 'चुकीची मागणी' असा एरर परत द्या. लिनक्समध्ये शून्य क्रमांकाचा वापरकर्ता म्हणजे रूट, सर्वाधिकारी. सगळं कसं जबाबदार, सावध कोडसारखं दिसतं. फक्त 'वापरकर्ता == ०' ऐवजी तिथं 'वापरकर्ता = ०' होतं.

म्हणजे ती विचित्र जोडी देऊन कुणीही हे फंक्शन हाकारलं, की तो रूट झाला. असाइनमेंटमधून शून्य बाहेर आलं, शून्य म्हणजे खोटं, म्हणून एरर देणारी ओळ कधी चाललीच नसती; कुठं काही घडल्याचा मागमूस नाही. अटीचे दोन भाग 'आणि'नं जोडलेले, प्रत्येक भागाभोवती कंस. नीटनेटकेपणाच्या सवयीनं कुणीही घालेल असे. त्यामुळे कम्पाइलरचा इशाराही गप्प.

या दोन ओळींकडे मी लेखन म्हणून पाहतो तेव्हा थक्क होतो. ती फसवणूक कम्पाइलरसाठी नव्हतीच. त्याला जे लिहिलंय तेच दिसतं. ती वाचणाऱ्या माणसासाठी रचलेली होती. आपण अटीच्या कंसात असाइनमेंट शोधत नाही, तुलना अपेक्षितो, आणि डोळा अपेक्षित तेच वाचून पुढं जातो, ही सवय लिहिणाऱ्याला पक्की ठाऊक होती. पुढची एररची ओळ तर निव्वळ नेपथ्य. ही ओळ वाचून पकडली गेली नाही, हेही लक्षात घ्या. बिटकीपर बनवणाऱ्या लॅरी मॅकव्हॉयच्या लक्षात आलं, की नकलेत एक बदल आहे ज्याची मूळ कोडात नोंदच नाही. हिशेब जुळला नाही म्हणून चोरी सापडली. कोड मुख्य कर्नलमध्ये कधी पोचला नाही. करणारा कोण, ते जाहीर झालेलं नाही.

इतकं सगळं असूनही सीतली ही सोय टिकली, कारण ती खरोखर उपयोगी आहे. 'एक अक्षर वाच, त्याला अ म्हण, आणि तो फाइलचा शेवट नसेल तोवर पुढचं कर', हे सीमध्ये एका अटीत मावतं. सी शिकलेल्या प्रत्येकानं ती ओळ लिहिली आहे. एका जागचा मजकूर दुसऱ्या जागी उतरवण्याची सीतली जगप्रसिद्ध ओळ तर याच्या पुढची: सगळं काम अटीतच होतं, आणि लूपच्या पोटात काहीच नाही, नुसता अर्धविराम. पहिली ओळ मला स्वच्छ वाटते. दुसरी 'कच्चा पापड पक्का पापड'सारखी आहे. म्हणून दाखवायला मजा येते, पण मी सांभाळतो त्या कोडात ती मला नको.

पायथनकडे हे काहीच नव्हतं. फाइल तुकड्या-तुकड्यानं वाचायची तर असं लिहावं लागे:

व्हाइल ट्रू:
    तुकडा = फाइल.रीड(८१९२)
    इफ नॉट तुकडा:
        ब्रेक
    वापर(तुकडा)

(कीवर्ड मी इथं देवनागरीत लिहिलेत, खरा पायथन ते घेणार नाही. 'तुकडा' आणि 'वापर' ही नावं मात्र पायथन ३ला देवनागरीतही चालतात. करून पाहा.)

पहिल्या ओळीत म्हणायचं 'हे कायम चालू राहील' आणि चौथ्या ओळीत निघून जायचं. लग्नाच्या पंगतीत 'आता उठणारच नाही' म्हणून बसणाऱ्या आणि मठ्ठा यायच्या आत पसार होणाऱ्या मामांसारखं. पायथनच्या अधिकृत प्रश्नोत्तरांत अनेक वर्षं याचं समर्थन होतं: अनुभवी लोकांना हे वळण ओळखीचं झालंय, अटीतली असाइनमेंट त्यांना फारशी आठवत नाही, मागणी करतात ते नवखे. त्याच ठिकाणी एक फार चांगला निकषही दिला होता. भाषेतली नवी गोष्ट अशी हवी, की जिला ती कुणी शिकवलेली नाही अशा वाचणाऱ्यालाही तिचा अर्थ अंदाजानं उमगावा.

पेप ५७२नं सुचवलं ते असं:

व्हाइल तुकडा := फाइल.रीड(८१९२):
    वापर(तुकडा)

पाचाच्या दोन ओळी. पण ओळी वाचल्या हा माझ्या मते यातला सगळ्यात कमी महत्त्वाचा फायदा आहे, आणि पेपशी माझं पहिलं भांडण इथंच. पेप ओळींच्या हिशेबात बराच रमतो. ग्विडो तेव्हा ड्रॉपबॉक्समध्ये होता. तिथला कोड चाळून त्याला दिसलं, की लोक एक ओळ वाचवण्यासाठी तेच काम दोनदा करून घेतात. 'जुळलं का ते बघ, जुळलं असेल तर जुळवून त्यातला पहिला भाग दे.' एकदा जुळवून नाव ठेवलं असतं तर काम निम्मं झालं असतं, पण नाव ठेवायला वेगळी ओळ लागते, म्हणून प्रोग्राम हळू चालला तरी चालेल. हे निरीक्षण फार मोलाचं आहे. त्यातून पेप निष्कर्ष काढतो, की लोकांना कमी ओळी हव्या असतात.

मला त्यात वेगळं दिसतं. लोक नाव ठेवायचं टाळतात, कारण नाव ठेवणं ही जबाबदारी आहे. वेगळ्या ओळीत 'जुळणी = ...' लिहिलं की वाचणाऱ्याला वाटतं, ही जुळणी पुढं बराच वेळ सोबत असणार. ते नाव तो डोक्यात धरून ठेवतो. पण हे नाव तर पुढच्या एका ओळीपुरतंच हवं होतं! 'इफ जुळणी := ...' असं लिहिलं की नाव त्याच्या कामाच्या जागीच जन्मतं, आणि वाचणाऱ्याला कळतं, हे याच अटीपुरतं आहे. (पायथन ते नाव नंतर पुसत नाही, ही वेगळी गोष्ट, मी वाचणाऱ्याच्या अपेक्षेबद्दल बोलतोय.) पायथनच्या स्वतःच्या अंमलबजावणीत या रचनेला 'नेम्ड एक्स्प्रेशन' म्हटलंय. ते नाव प्रस्तावाच्या शीर्षकात असतं तर निम्मं भांडण कदाचित झालंच नसतं. शीर्षकात 'असाइनमेंट' आलं आणि सीचं भूत सगळ्यांच्या मानगुटीवर बसलं.

विरोधकांचा मोठा मुद्दा तोच होता: ज्या खड्ड्यात सी पडली त्यात पायथन का उतरतोय? आता ती तिपाई आठवा. पायथनकडे पहिला पाय होता, कारण असाइनमेंट = नंच होते. तिसराही होता, कारण आकडे, रिकाम्या याद्या, सगळं अटीत खपतं. दुसरा नव्हता. पेपनं दुसरा पाय दिला, पण फक्त := ला; आणि := ला पहिला पाय नाही, ते == सारखं दिसत नाही, दुसरी कळ विसरल्यानं चुकून उमटतही नाही. साध्या = ला अजूनही किंमत नाहीच. म्हणजे दोन चिन्हांकडे दोन-दोन पाय, आणि तिपाई कुठंच पूर्ण नाही. शिवाय आणखी कुंपणं घातली: ओळीच्या सुरुवातीला उघडं 'वय := २८' लिहिता येत नाही; आणि := नं फक्त साध्या नावालाच किंमत देता येते, यादीतल्या जागेला किंवा ऑब्जेक्टच्या भागाला नाही. अपघाताचा मुद्दा इथं संपायला हवा होता. पेपमध्ये हा युक्तिवाद आहे, पण विखुरलेला; एका परिच्छेदात रागावलेल्या वाचकाला बसवून सांगितलाय असं होत नाही. भूत उतरवायचं तर ते आधी नाव घेऊन बोलवावं लागतं.

पर्यायांचा भाग मात्र पेपमध्ये उत्तम आहे. := ऐवजी काय काय चाललं असतं आणि ते का नाकारलं, हे तिथं सविस्तर येतं. माझ्या मराठी कानाला सगळ्यात गोड लागणारा पर्याय 'ॲज'चा होता: आधी किंमत, मग 'ॲज तुकडा'. सरांच्या 'ज्याला आपण क म्हणू' याच्याशी तो क्रम जुळतो. पण नकाराचं कारण पटतं. पायथनमध्ये 'विथ ... ॲज ...' आधीच आहे, आणि तिथं 'ॲज'पुढच्या नावाला मिळते ती डावीकडची किंमत नव्हे, तर त्या वस्तूनं आत शिरताना जे परत दिलं ते. दोन्ही बऱ्याचदा एकच असतात, नेहमी नाही. तोच शब्द जवळजवळ त्याच अर्थानं वापरण्यापेक्षा परकं चिन्ह बरं.

आणि परिशिष्ट! ते टिम पीटर्सनं दिलंय आणि माझ्या मते सगळ्या दस्तऐवजातलं सर्वोत्तम लेखन तेच आहे. हा माणूस पायथनच्या जगात त्याच्या सूत्रांसाठी प्रसिद्ध. एखादी गोष्ट करायचा सरळ मार्ग एकच असावा अशा धर्तीची ती सूत्रं विरोधक याच भांडणात फेकून मारत होते. परिशिष्टात तो सूत्रं सांगत नाही. तो आपला जुना कोड काढतो आणि जिथं-जिथं := बसेल तिथं बसवून बघतो. आधीच सांगून टाकतो की गजबजलेल्या ओळी आपल्याला आवडत नाहीत. मग एक जागा दाखवतो: दोन संख्यांतला फरक काढायचा, तो शून्य नसेल तर त्याचा मसावि काढायचा, तो एकापेक्षा मोठा असेल तर परत द्यायचा. आधी पायऱ्या-पायऱ्यांनी आत शिरत जाणारा कोड, आता एक अट. इथं त्याला ते स्पष्टपणे चांगलं वाटतं, कारण ती एकच कल्पना आहे. मग दुसरी जागा: बेरजेत पद मिळवत जायचं, आणि बेरीज बदलेनाशी झाली की थांबायचं. तिथं ':=' टाकून अट अशी होते, 'जुनी बेरीज नव्या बेरजेइतकी नाही तोवर', जिथं डावीकडचं 'बेरीज' जुनं आणि उजवीकडचं नवं, आणि हे सगळं डावीकडून उजवीकडे किंमत काढण्याच्या क्रमावर तगलेलं. तो म्हणतो, चालेल, पण माझं डोकं असं चालत नाही. आणि सोडून देतो. आपल्याच प्रस्तावात स्वतःला न पटलेली जागा जशीच्या तशी ठेवणारा लेखक मराठी समीक्षेतही रोज भेटत नाही.

मेलिंग लिस्टवरचा गदारोळ मी इथं उगाळत नाही. ग्विडोच्या मेलचा आशय एवढाच होता, की एखाद्या पेपसाठी इतकं भांडायचं आणि शेवटी इतक्या लोकांना आपला निर्णय तिरस्करणीय वाटावा, हे पुन्हा नको. वारस नेमत नाही, आता तुम्हीच ठरवा, लोकशाही आणा की अराजक. पायथनवाल्यांनी पाच जणांची निवडून दिलेली समिती आणली. पहिल्या पाचांत ग्विडो स्वतःही होता. वॉलरस १४ ऑक्टोबर २०१९ला पायथन ३.८सोबत आला. मराठीत एका वस्तूला 'नाव ठेवणं' आणि तिला 'नावं ठेवणं' यांत एका अनुस्वाराचं अंतर आहे. ग्विडोला त्या उन्हाळ्यात दोन्ही भरपूर मिळालं.

प्रश्नोत्तरांतला तो निकष वॉलरसला लावला तर काय होतं? न शिकवलेल्या वाचणाऱ्याला := उमगतं का? पास्कल शिकलेल्याला लगेच. गणितात 'व्याख्येनं समान' लिहिणाऱ्यालाही. थेट पायथनपासून सुरुवात केलेल्या विशीतल्या मुलाला नाही. मी टीममध्ये आलेल्या नव्या लोकांना विचारून पाहिलंय, बहुतेकांना तो टायपो वाटतो. पण 'व्हाइल ट्रू' आणि पोटात 'ब्रेक' हेही कुणाला उपजत उमगत नाही. निकष कडक लावला तर दोघंही नापास, आणि मग मी कमी बोलणारा घेईन. आमच्या टीममध्ये आता एका अटीत एकच वॉलरस, दुसरा दिसला की रिव्ह्यूत परत, असा अलिखित नियम झाला आहे. एकानं एका अटीत तीन घातले होते. तिन्ही बरोबर होते आणि ती ओळ तीन दिवस रिव्ह्यूत पडून राहिली, कारण कुणालाच ती मंजूर केल्याचा मान नको होता.

आता जे पटत नाही ते. पायथनमध्ये यादी कंसातच बनवता येते: 'या यादीतली प्रत्येक गाडी घे, तिचं अमुक कर.' या कंसातलं 'गाडी' हे नाव कंसातच राहतं, बाहेर येत नाही. पायथन ३नं ही शिस्त मुद्दाम आणली, कारण पायथन २मध्ये ते बाहेर सांडायचं. पेप ५७२ म्हणतो, याच कंसात := नं ठेवलेलं नाव मात्र बाहेर जाईल. एकाच कंसात दोन नावं, एक घरकोंबडं आणि एक बाहेरख्याली, आणि कुठलं कुठलं हे चिन्हावरून ओळखायचं.

कारण अगदीच पोकळ नाही. 'यातली एखादी तरी गाडी अर्ध्या तासापेक्षा जास्त उशिरा आहे का?' असं 'एनी'ला विचारलं तर तो हो-नाही सांगतो. कुठली, ते सांगत नाही. := मुळे ती साक्षीदार गाडी हाती लागते:

इफ एनी((सापडली := गाडी).उशीर > ३० फॉर गाडी इन गाड्या):
    छाप(सापडली)

हे आकर्षक आहे, आणि पेपचा या नियमाबद्दलचा मोह मी समजू शकतो. पण उत्तर 'नाही' आलं तर 'सापडली' या नावाखाली काय असतं? शेवटची तपासलेली गाडी. वेळेवर आलेली. नाव सांगतंय सापडली, आणि सापडलेलं काहीच नाही. आज पुढं 'एल्स'मध्ये कुणी ते नाव वापरत नसेल. सहा महिन्यांनी कुणीतरी लॉगमध्ये छापायला घेईल आणि निरपराध सिंहगड एक्स्प्रेसला उशीर चिकटेल. 'गाड्या' रिकामी आली तर आणखी निराळं: कंसात एकदाही शिरायला मिळत नाही, म्हणून नाव ठेवलंच जात नाही, आणि ते आधी कुठं ठेवलेलं नसेल तर पुढं वापरताना पायथन नेमएरर फेकतं.